रविवारी न धावलेला सुवर्णविजेता

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाने स्पेनला २-१ असे नमवून कांस्यपदक पटकावले, तो सामना पॅरिसलगतच्या कोलोंब या उपनगरातील जुन्या स्टेडियमवर खेळला गेला. दूरचित्रवाणीवर तो सामना पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की शंभर वर्षांपूर्वी, १९२४ च्या ऑलिम्पिकचे हेच मुख्य मैदान होते. त्या वर्षी ११ जुलैच्या संध्याकाळी स्कॉटलंडचा एक २२ वर्षांचा विद्यार्थी येथे चारशे मीटरची शर्यत धावला आणि सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. मात्र ही त्याची नेहमीची शर्यत नव्हती. ज्या शंभर मीटरसाठी त्याच्याकडे सारे ब्रिटन डोळे लावून बसले होते, त्या शर्यतीतून त्याने स्वतःहून माघार घेतली होती, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती.

एरिक लिडेल यांचे नाव या एका नकारामुळे क्रीडा इतिहासात कायमचे कोरले गेले. परंतु त्यांचे आयुष्य या नकारापाशी संपत नाही. अखेरच्या काळात, चीनमधील एका जपानी बंदिछावणीत, आणखी एक रविवार त्यांच्या वाट्याला आला. त्या दिवशी त्यांनी घेतलेला निर्णय पॅरिसच्या नेमका उलट होता. हे दोन रविवार शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिआनजिन येथे झाला. वडील जेम्स लिडेल हे लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक. मुलाचे नाव आधी हेन्री एरिक ठेवायचे ठरले होते. पण आद्याक्षरे जोडली तर इंग्रजीत नरकवाचक शब्दाचा भास होतो, हे एका स्नेह्याने लक्षात आणून दिल्यावर ते उलटे करून एरिक हेन्री करण्यात आले, असे सांगितले जाते. मिशनऱ्याच्या घरात याहून मोठी पंचाईत ती कोणती!

मिशनरी कुटुंबांच्या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एरिक आणि थोरला भाऊ रॉबर्ट यांना लहानपणीच इंग्लंडमधील निवासी शाळेत ठेवण्यात आले. मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच काढलेली ही शाळा पुढे एल्थम कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. आईवडील चीनमध्ये आणि मुले इंग्लंडमध्ये, मध्ये अनेक वर्षांचे अंतर, अशा अवस्थेत ही भावंडे वाढली. एरिक अबोल आणि लाजाळू होते. मैदानावर मात्र त्यांचे रूप पालटत असे. १९२० मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शाखेत दाखल झाले आणि वर्ष-दोन वर्षांतच त्यांच्या वेगाची चर्चा स्कॉटलंडभर होऊ लागली. रग्बीमध्ये ते विंगवर खेळत. १९२२ आणि १९२३ या दोन मोसमांत त्यांनी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातर्फे सात सामने खेळले. पुढे धावण्यावर लक्ष देण्यासाठी त्यांनी रग्बी सोडले.

त्यांची धावण्याची पद्धत पाहून तज्ज्ञ कपाळाला हात लावत. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, नजर आकाशाकडे, हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरणारे, गुडघे छातीपर्यंत उचललेले. धावण्याच्या शास्त्रातील एकही नियम त्यात पाळला जात नसे. टॉम मॅकर्चर हे त्यांचे प्रशिक्षक. त्यांनी लिडेल यांची तयारी करून घेतली, पण ही ढब काही बदलली नाही. मान मागे गेली की लिडेल आता जिंकणार, हे प्रेक्षकांना ठाऊक झाले होते.

श्रद्धा त्यांना घरातूनच मिळाली होती. एखाद्या प्रसंगाने अचानक कायापालट झाला, असे त्यांच्याबाबतीत घडले नाही. लहानपणापासून शांतपणे जवळ बाळगलेली ती खासगी गोष्ट होती. ती चारचौघांत बोलून दाखवण्याची वेळ आली १९२३ च्या एप्रिलमध्ये. डी. पी. थॉमसन हा तरुण धर्मप्रचारक कामगार वस्तीत सभा घेत असे. पुरुषमंडळी काही केल्या फिरकत नाहीत, हे पाहून त्याने नामांकित रग्बीपटू लिडेल यांना बोलावण्याचे ठरवले. हेतू सरळ होता. खेळाडूला पाहायला लोक येतील आणि त्या निमित्ताने चार शब्द ऐकतील. व्यासपीठाची धास्ती असलेल्या लिडेल यांनी क्षणभर विचार करून होकार दिला आणि मग ते अस्वस्थ झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी बहीण जेनी हिचे चीनहून पाठवलेले पत्र हाती पडले. त्यात तिने यशयाच्या ग्रंथातील, भीती न बाळगण्याविषयीच्या वचनाचा उल्लेख केला होता. अनेक आठवड्यांपूर्वी टाकलेले पत्र नेमके त्याच दिवशी यावे, याला लिडेल यांनी योगायोग मानले नाही.

६ एप्रिल १९२३ रोजी आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी लिडेल प्रथमच जाहीरपणे बोलले. श्रोते जेमतेम ऐंशीच्या घरात असतील. भाषण साधे, आवाज हळू, वक्तृत्वाचा लवलेश नाही. आपली श्रद्धा आपल्याला काय देते, एवढेच त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडच्या वृत्तपत्रांत ती बातमी होती. धावपटू आणि धर्मोपदेशक ही दोन माणसे तेव्हापासून एक झाली. त्या दिवसापासून मैदानावरच्या आपल्या प्रत्येक वागण्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहणार, हेही त्यांना पक्के कळले असावे.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर शंभर यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकून ब्रिटिश विक्रम नोंदवला. दोनशेवीस यार्डांतही तेच पहिले आले. पण जाणकार ज्या शर्यतीची आठवण आजही काढतात, ती त्यानंतर लगेचच स्टोक येथे झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या तिरंगी स्पर्धेत चारशेचाळीस यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून लिडेल मैदानात कोसळले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले होते. एवढे अंतर एका फेरीत भरून काढणे केवळ अशक्य, पण ते त्यांनी भरून काढले आणि शर्यत जिंकून शेवटी बेशुद्धावस्थेत जमिनीवर पडले. तोपर्यंत केवळ शंभर-दोनशेचा मानला जाणारा हा गडी चारशेलाही कमी नाही, हे त्या दिवशी दिसले.

पॅरिसचे वेळापत्रक जाहीर झाले तेव्हा शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै, रविवारी असल्याचे निदर्शनास आले. दोन्ही रिले शर्यतींच्या वाटेतही रविवार येत होता. लिडेल यांनी तिन्ही शर्यती नाकारल्या. स्कॉटलंडमधील तेव्हाच्या कर्मठ ख्रिस्ती कुटुंबांत रविवार हा केवळ सुटीचा वार नव्हता. तो देवाचा दिवस, उपासनेचा आणि विश्रांतीचा. त्या दिवशी खेळ नाही. पंढरीची वारी किंवा एकादशी न चुकवणारी माणसे ज्यांच्या घरात आहेत, त्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये मात्र गदारोळ झाला. देशाच्या मानापेक्षा स्वतःचे सोवळे मोठे मानणारा माणूस, अशी टीका झाली. ऑलिम्पिकच्या पदाधिकाऱ्यांनी मन वळवण्याचा प्रयत्न केला. लिडेल यांनी कोणाशी वाद घातला नाही, जाहीर खुलासे केले नाहीत आणि रविवारी धावणाऱ्या इतर खेळाडूंना नावेही ठेवली नाहीत. ते मुकाट्याने चारशे मीटरच्या सरावाला लागले.

१९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या गाजलेल्या चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. त्यात लिडेल यांना रविवारच्या फेरीची बातमी फ्रान्सला जाणाऱ्या बोटीत चढताना कळते. हे नाट्य सोयीचे असले तरी खरे नाही. वेळापत्रक त्यांना कित्येक महिने आधी ठाऊक होते. बहीण जेनी त्यांच्या धावण्यावर नाराज असल्याचे दाखवले आहे, तेही काल्पनिकच. खरे पाहता सत्य अधिक कठीण आहे. क्षणाच्या भरात नकार देणे त्या मानाने सोपे. महिनोन्‌महिने टीका सोसून तो टिकवणे अवघड. (लिडेल यांची भूमिका करणाऱ्या इयन चार्लसन यांनीच पुढच्या वर्षी रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'मध्ये दीनबंधू अँड्र्यूज साकारले. भारतीय प्रेक्षकाला तो चेहरा ओळखीचा वाटतो तो त्यामुळे.)

ज्या रविवारी शंभर मीटरच्या फेऱ्या सुरू होत्या, त्या दिवशी लिडेल पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये होते. दुसऱ्या दिवशी संघातील सहकारी हॅरॉल्ड अब्राहम्स यांनी शंभर मीटरचे सुवर्ण जिंकले. ९ जुलैला दोनशे मीटरमध्ये अमेरिकेचे जॅक्सन शोल्झ आणि चार्ली पॅडॉक यांच्यामागे लिडेल तिसरे आले. स्कॉटलंडच्या धावपटूचे हे कांस्यपदकही कमी नव्हते, पण सोन्याच्या झळाळीत ते झाकोळून गेले.

चारशे मीटरमध्ये त्यांना कोणी दावेदार मानत नव्हते. स्वित्झर्लंडच्या योझेफ इम्बाख याने आधीच्या फेरीत ४८ सेकंदांची वेळ नोंदवली होती. उपान्त्य फेरीत अमेरिकेच्या होरेशिओ फिचने ४७.८ सेकंदांची वेळ देऊन त्याच्यावर मात केली. अंतिम फेरीत लिडेल यांना सर्वांत बाहेरची लेन मिळाली. या लेनमध्ये धावणाऱ्याला एकही प्रतिस्पर्धी दिसत नाही. सारे मागे असतात. त्या दिवशी सकाळी संघाचे मालिश करणाऱ्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. जो देवाचा मान राखतो त्याचा मान देव राखतो, अशा अर्थाचे जुन्या करारातील वचन तिच्यात होते. शर्यतीपूर्वी नेहमीप्रमाणे त्यांनी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन केले. मैदानाबाहेर स्कॉटिश सैनिकांच्या बँडने बॅगपाइपवर गावाकडची धून वाजवली.

पिस्तूल झाडले गेले आणि लिडेल शंभर मीटरची शर्यत असल्याच्या आवेशात सुटले. पहिले दोनशे मीटर २२.२ सेकंदांत! दोनच दिवसांपूर्वी दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीत कांस्यपदकासाठी त्यांना २१.९ सेकंद लागले होते, हे ध्यानात घेतले तर या वेड्या साहसाची कल्पना येते. आता हा कोसळणार, असे सर्वांनी गृहीत धरले. पण शेवटच्या टप्प्यात ती ओळखीची मान मागे गेली, हात फिरू लागले आणि अंतर कमी होण्याऐवजी वाढले. ४७.६ सेकंदांच्या ऑलिम्पिक विक्रमासह लिडेल पहिले आले. फिच ४८.४ सेकंदांसह दुसरा, ब्रिटनचेच गाय बटलर तिसरे. चारशे मीटर म्हणजे पहिल्या अर्ध्यात राखून धावायची शर्यत, हा तोवरचा समज होता. त्याला या शर्यतीने धक्का दिला.

याच स्पर्धेत भारताचा एक छोटा संघही उतरला होता. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत निवड चाचणी स्पर्धा झाल्या होत्या आणि मुंबईचे उद्योगपती सर दोराबजी टाटा यांनी संघाला पाठबळ दिले होते.

आठवडाभरात लिडेल पदवीदान समारंभासाठी एडिंबरात परतले. कुलगुरूंनी त्यांच्या मस्तकी रानटी ऑलिव्हच्या पानांचा मुकुट ठेवला. विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यांवर घेऊन मिरवले. एखाद्याने यानंतर दहा वर्षे शर्यतींवर राज्य केले असते. लिडेल यांनी वर्षभर धर्मशास्त्राचा अभ्यास केला, थॉमसनसह गावोगाव सभा घेतल्या, १९२५ च्या उन्हाळ्यात ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर शंभर, दोनशेवीस आणि चारशेचाळीस यार्ड या तिन्ही शर्यती जिंकल्या आणि चीनला जाणारी आगगाडी पकडली. वय २३. एडिंबराच्या स्थानकावर निरोपाला लोटलेली गर्दी आवरेना.

तिआनजिनमधील अँग्लो-चायनीज कॉलेजात ते विज्ञान शिकवत आणि मुलांना खेळ शिकवत. शहरातील मिनयुआन स्टेडियमच्या उभारणीत त्यांचा सल्ला घेण्यात आला. अधूनमधून ते शर्यतीही धावले. परंतु १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये ते नव्हते. १९३२ मध्ये मायदेशी रजेवर असताना त्यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये कॅनडातील मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पॅट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या.

१९३७ मध्ये त्यांनी शहरातील स्थिर अध्यापन सोडून शियाओचांग या ग्रामीण केंद्रात जाण्याचे ठरवले. थोरले बंधू रॉबर्ट तेथील रुग्णालयात डॉक्टर होते. जपानने चीनवर आक्रमण केले होते. पत्नी आणि मुलींना तेथे नेण्याची परवानगी नव्हती. दुष्काळ, टोळधाड, लुटारू, जपानी फौजा आणि त्यांच्याशी लढणारे चिनी सैनिक या साऱ्यांच्या कचाट्यात सापडलेल्या खेड्यांतून लिडेल सायकलने आणि पायी फिरत. १९३९ च्या फेब्रुवारीत एका देवळात पडलेल्या जखमी चिनी माणसाला आणण्यासाठी ते खेचरगाडी घेऊन गेले. जपान्यांच्या भीतीने त्याला कोणी हात लावायला धजत नव्हते. वाटेत आणखी एक जखमी असल्याचे कळले. शिरच्छेदाच्या वेळी गुडघे टेकण्यास नकार दिलेल्या या माणसाच्या मानेवर तलवारीचा खोल वार होता. दोघांनाही एकाच गाडीत घालून त्यांनी रुग्णालयात आणले. पहिला वाचला नाही, दुसरा वाचला. तो चित्रकार होता.

१९४१ मध्ये परिस्थिती इतकी बिघडली, की ब्रिटिश सरकारने आपल्या नागरिकांना चीन सोडण्याचा सल्ला दिला. गर्भवती फ्लॉरेन्स दोन मुलींसह कॅनडाला रवाना झाली. लिडेल मागे राहिले. तिसरी मुलगी मॉरीन त्या वर्षी टोरांटोत जन्मली. वडिलांनी तिला कधीच पाहिले नाही. खेड्यातील लोकांसाठी मागे राहणारा माणूस थोर, हे मान्यच. पण तीन लेकरांसह दूरदेशी वाट पाहणाऱ्या त्या तिशीच्या बाईने या थोरपणाची किंमत चुकवली, हेही नोंदवायला हवे. धार्मिक चरित्रकार या बाजूवरून बहुधा घाईने पुढे जातात.

मार्च १९४३ मध्ये लिडेल यांना शानतुंग प्रांतातील वेइशियन येथील छावणीत डांबण्यात आले. मूळचे अमेरिकन मिशनचे ते आवार. त्याच्या चिनी नावाचा अर्थ सुखमार्गाचे अंगण असा सांगितला जात असे. क्रिकेटच्या एका मोठ्या मैदानात मावेल एवढ्या जागेत दीड हजारांहून अधिक माणसे. व्यापारी, मिशनरी, पाद्री, वादक, गर्दुल्ले, म्हातारे आणि मुले. चेफू येथील मिशनरी शाळेतील कितीतरी मुले आईवडिलांपासून तुटून येथे आली होती. लहानपणी आईवडिलांविना निवासी शाळेत राहिलेल्या लिडेल यांना त्यांची अवस्था वेगळी सांगावी लागली नसणार. ते त्यांचे एरिककाका झाले. रसायनशास्त्राची साधने नव्हती म्हणून त्यांनी प्रयोगांची चित्रे हाताने काढून मुलांना शिकवले. वृद्धांचे पाणी भरले. हॉकीच्या मोडक्या स्टिका चादरींच्या चिंध्यांनी बांधून दुरुस्त केल्या.

या छावणीत असलेले अमेरिकन लेखक लँग्डन गिल्की पुढे धर्मशास्त्राचे नामवंत अभ्यासक झाले. 'शानतुंग कंपाउंड' या १९६६ च्या पुस्तकात त्यांनी तेथील माणसांचा स्वार्थ निर्दयपणे मांडला आहे. चार हात जागेसाठी भांडणारे धर्मनिष्ठही त्यांच्या तडाख्यातून सुटलेले नाहीत. अपवाद फक्त लिडेल यांचा. बदललेल्या नावाने रंगवलेल्या या माणसाला ते संतपदाच्या जवळ नेऊन ठेवतात. अशा टीकाखोर साक्षीदाराची साक्ष महत्त्वाची वाटते.

लिडेल मुलांच्या खेळांचे पंच असत, परंतु रविवारी नाही. तो नेम छावणीतही कायम होता. मुलांना मात्र रविवार म्हणजे काही न करण्याचा, घरची आठवण येण्याचा दिवस. एका रविवारी त्यांनी आपापसांत हॉकीचा सामना लावला. पंच नव्हता. सामन्याचे पर्यवसान हाणामारीत झाले. पुढच्या रविवारी मुले मैदानात उतरली तेव्हा शिट्टी घेऊन लिडेल तेथे उभे होते.

त्यांनी याचे स्पष्टीकरण दिले नाही. पॅरिसच्या वेळीही दिले नव्हते. हा कच्चेपणा होता का? तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये नेम मोडला असता तर लाभ स्वतःला झाला असता. वेइशियनमध्ये तो पाळण्याची किंमत मुले मोजत होती. सुवर्णपदकासाठी जे त्यांनी केले नाही, ते भांडणाऱ्या पोरांसाठी केले.

१९४४ च्या अखेरीस त्यांना तीव्र डोकेदुखी सुरू झाली. पावले जड पडू लागली. अतिश्रमाने मन थकले असावे, असा आधी समज झाला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी फ्लॉरेन्सला पत्र लिहिले. डॉक्टरांनी शिकवणे आणि खेळ सोडून छावणीच्या बेकरीत काम करण्याचे सुचवले असल्याचे त्यात होते. त्याच संध्याकाळी त्यांचे निधन झाले. वय ४३. मेंदूत गाठ होती, हे शवविच्छेदनात कळले. चेफूच्या मुलांनी दुतर्फा उभे राहून मानवंदना दिली. जपानी अधिकाऱ्यांच्या निवासामागील बागेत दफन झाले. लाकडी क्रूसावर नाव लिहायला रंग नव्हता, म्हणून बुटाचे पॉलिश वापरले गेले. फ्लॉरेन्सला ही बातमी मे महिन्यात मिळाली. ऑगस्टमध्ये अमेरिकन सैनिक हवाई छत्रीने उतरले आणि छावणी मुक्त झाली.

चर्चिल यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत लिडेल यांची सुटका ठरवली होती व त्यांनी ती जागा एका गर्भवतीला दिली, अशी कथा २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या सुमारास पुढे आली. त्यांच्या कुटुंबीयांना तिच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. लिडेल यांना मोठे करण्यासाठी तिची गरजही नाही. कबरीची जागा बराच काळ विस्मृतीत होती. १९९१ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरील ग्रॅनाइटची शिळा तेथे उभारली. २०१५ मध्ये छावणीच्या मुक्ततेच्या सत्तराव्या वर्षी लिडेल यांचा पुतळाही उभा राहिला.

मृत्यूच्या सुमारे तीन आठवडे आधी लिडेल यांनी धावण्याचे आपले बूट स्टीफन मेटकाफ या सतरा वर्षांच्या मुलाला दिले होते. हिवाळा कडक होता आणि मुलाच्या पायात धड काही नव्हते. बूट झिजलेले, ठिकठिकाणी दोऱ्याने शिवलेले होते. डोंगरावरील प्रवचन शिकवताना लिडेल मुलांना सांगत, की शत्रूवर प्रेम करा म्हणजे पहारा देणाऱ्या जपान्यांसाठीही प्रार्थना करा. मेटकाफने तेव्हा मनोमन ठरवले, की येथून जिवंत सुटलो तर जपानला जायचे. १९५२ मध्ये तो मिशनरी म्हणून जपानला गेला आणि जवळपास चाळीस वर्षे तेथे राहिला.